लेकीकडे जाताय? टिडबिनबिला चुकवू नका

प्रश्न : लेक कॅनबेराला असते. तिथलं अंतराळ संपर्क केंद्र मला समजेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : काकू, जाच तुम्ही! टिडबिनबिलाच्या दरीत, डोंगराच्या आडोशाला आहे ते. संदेश पाठवणारी-झेलणारी मोठी तबकडी 70 मीटर व्यासाची. तीन माड एकावर एक उभे केलेत असं समजा. 1977मध्ये निघालेल्या व्हॉयेजर 2 या अंतराळयानाला आज्ञा पाठवते ती हीच, कारण ते यान फार दक्षिणेकडे गेलंय. त्याचं संदेश पाठवणारं यंत्र जेमतेम 23 वॅटचं, आणि हाक पोचायला 18 तासांहून जास्त! इतकी क्षीण हाक मोबाइलच्या लहरींत हरवू नये, म्हणून तिथे मोबाइल बंद ठेवायचा. मी गेले तेव्हा ती तबकडी हळूहळू, अगदी बिनआवाज वळत होती. कितीतरी वेळ माझा पाय निघेना.