दूध तोडल्यावर डुकराच्या पिल्लांना हगवण लागते. खाद्यात कोलिस्टिन हे प्रतिजैविक घालू का?

नको. खाण्याच्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर भारतात जुलै 2019 पासून बंदी आहे. जिवाणू ज्याच्यामुळे त्याला दाद देत नाहीत ते एमसीआर-1 जनुक चीनमध्ये 2015 साली समोर आलं. ते एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जातं आणि माणसांसाठी कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध आहे.

मूळ दुखणं पोटात आहे. दूध तुटलं की पिल्लू दिवसभर खात नाही, आतड्याचा आतला थर झिजतो. मग अधाशासारखं खातं. जठरात आम्ल कमी, त्यामुळे न पचलेली सोयापेंड खाली उतरते आणि ई. कोलाय हा हगवण लावणारा जिवाणू तिच्यावर पोसतो.

म्हणून 28 दिवसांआधी दूध तोडू नका. दहाव्या दिवसापासून चिमूटभर पिल्लाहार ठेवा, उरलेला रोज फेका (आंबलेला तसाच ठेवतात, तिथेच घोळ होतो). दूध तोडल्यावर पहिले दोन आठवडे प्रथिनं 18 टक्क्यांच्या आसपास, सोबत लायसिन (प्रथिनांतलं एक गरजेचं अमिनो आम्ल). खाणं दिवसातून 5-6 वेळा, थोडंथोडं. जागा कोरडी, 28 अंशांच्या आसपास उबदार.

पातळ हगलं तर आधी क्षार-साखरेचं पाणी. विष्ठेत रक्त किंवा अंगात ताप असेल तर पशुवैद्यकाला बोलवा. औषधाआधी नमुना घेऊन कोणतं प्रतिजैविक लागू पडतं ते तपासून घ्या.