लातुरात महापालिकेच्या बागेसाठी कॉलनीने वर्गणी काढली तर चालते का? न देणाऱ्यांना समितीत घ्यायचं का?

परवानगी घेऊन काढता येते, आणि न देणाऱ्यांनाही समितीत घ्याच. बाग महापालिकेची आहे, वर्गणीदारांची नाही. तुमचं मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. महापालिकेचं लेखी पत्र वेगळं. पैसा कारंज्यात घालू नका. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात ठिबक आधी. समितीत व्हीलचेअरवाला कुणी असला की फाटकातली फिरती लोखंडी चकरी पहिल्याच बैठकीत निघते, बायका असल्या की स्वच्छतागृहाचं कुलूप. फक्त कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा) कॉलनीच्या खात्यात येत नाही, त्यासाठी सीएसआर-१ नोंदणी (हा निधी घेण्यासाठी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करायची नोंदणी) असलेली संस्था गाठावी लागेल.