पाडलेल्या किंवा ओस पडलेल्या स्टेडियमची आठवण माणसाला एवढी का छळते? तुमच्या मनात असं एखादं मैदान आहे का?

आहे. पण त्याला स्टेडियम म्हटलं तर तुम्ही हसाल.

सोलापुरात एका कापड गिरणीच्या मागच्या बाजूला ते होतं. गिरणीचं नाव घेत नाही, कारण तिच्याकडं आमच्या घराचं अजून येणं आहे आणि तो विषय निघाला की उत्तर भरकटेल. मैदानाच्या एका अंगाला सिमेंटच्या सहा पायऱ्या, वर पत्रा. पत्र्याला भोकं इतकी की दुपारी बसणाऱ्यांच्या अंगावर उन्हाचे रुपये पडायचे. उरलेल्या तिन्ही बाजूंना चुन्याची फक्की. एवढ्या ऐवजाला आख्खी चाळ ‘स्टेडियम’ म्हणायची.

माझे वडील, अण्णा, साचेखात्यात होते. साचेखातं न पाहिलेल्यांसाठी सांगतो: शेकडो माग एका छपराखाली सुरू असतात, तेव्हा शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं, नाहीतर सरळ हातवारे. वीस वर्षं तिथं काढली की घरात कुकरची शिट्टी झालेली कळत नाही. आणि असे हे अण्णा खात्याखात्यांच्या सामन्यांत अंपायर असायचे! कड घेऊन बॉल कीपरच्या हातात गेला तर ती ‘टक’ ऐकणार कोण? अण्णा उभे असले की कॅच बिहाइंडचं अपील करून उपयोग नाही, हे सूत कातणाऱ्या त्रासनखात्यापासून ऑफिसातल्या बाबू लोकांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. “साचेखात्याचा अंपायर हाय की बे, घाल बॅट,” असं पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडायचं आणि बॅट्समन बिनधास्त बाहेरच्या बॉलला बॅट घालायचा. बॉलर चिडायचे, पण अंपायर बदला असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. एलबीडब्ल्यूला अण्णा कडक होते. तिथं डोळ्यांचं काम.

साडेतीनला भोंगा व्हायचा. दुसऱ्या पाळीचे खेळाडू बॅट, पॅड जिथल्या तिथं टाकून गिरणीकडं पळायचे आणि पहिल्या पाळीतून सुटलेले, अंगावर कापसाचे तंतू तसेच, त्यांच्या जागी उभे राहायचे. त्याच खात्याचा माणूस असला म्हणजे झालं. साठ धावांवर नाबाद असलेला माणूस भोंग्याला गेला आणि त्याच्या जागी आलेला पहिल्याच बॉलला उडाला, तर आउट कोण? यावर चहाच्या टपरीवर झालेली भांडणं मी ऐकली आहेत. निकाल आजतागायत लागलेला नाही.

मी त्या मैदानावर नोकरीला होतो असं म्हणायला हरकत नाही. वय अकरा-बारा. काम स्कोअरबोर्डचं. लाकडी फळ्याला खिळे मारलेले आणि पत्र्याचे आकडे टांगायचे. सहाचा पत्रा उलटा केला की नऊ. आठाचा पत्रा कोणीतरी केव्हाच नेला होता, बहुतेक कोणाच्या तरी न्हाणीघराच्या झरोक्याला बसला असेल. शून्याचे पत्रे मात्र भरपूर. मग मी दोन शून्यं एकाखाली एक टांगून आठ करायचो. ऐंशी झाले की तीन शून्यं लागायची, आणि लांबून बघणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, यांचं खातंच उघडलेलं नाही. पगार म्हणजे एक वडापाव आणि अर्धा कप चहा.

आणखी एक गोष्ट होती: चिमणीची सावली. गिरणीची चिमणी मैदानाच्या पश्चिमेला. चार वाजायच्या सुमाराला तिची लांबट सावली मिडऑनच्या आसपास यायची आणि हळूहळू कव्हर्सकडं सरकायची. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना त्या हातभर रुंदीच्या सावलीची किंमत कळेल. कॅप्टन फिल्डिंग लावायचा ती बॅट्समन बघून नव्हे, सावली बघून. सर्वांत जाडा आणि सर्वांत सीनियर माणूस सावलीत, आणि सावली सरकेल तसा तोही सरकणार. मोकळ्या जागेतून चौकार गेले तर जाऊ देत.

नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली. मैदानात आधी वेडी बाभूळ माजली, मग पायऱ्या फोडून सळया नेल्या, मग प्लॉट पडले. आमच्यातल्या एका डावखुऱ्या बॉलरनं तिथंच फ्लॅट घेतला. त्याला आम्ही ‘मिडविकेटला टू बीएचके’ म्हणतो. तो इतरांना पत्ता सांगताना मारुतीच्या देवळाची खूण देतो आणि मला फोनवर सांगतो, “खाली पार्किंगमध्ये ये, गुडलेंथला उभा आहे.” आम्ही दोघांनी एकदा पावलं टाकून खरंच मोजलं होतं. पिचचं एक टोक पाण्याच्या टाकीखाली जातं.

लंडनच्या आर्सेनल क्लबनं २००६ मध्ये हायबरी हे जुनं ग्राउंड सोडलं. तिथंही फ्लॅटच झाले, पण जुन्या स्टँडचा दर्शनी भाग राखला आणि खेळायच्या जागेवर बाग केली. म्हणजे तिथला माणूस खिडकीतून बघून ‘इथं गोलपोस्ट होता’ असं नातवाला बोट करून दाखवू शकतो. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन डॉजर्स संघाचं एबेट्स फील्ड १९६० मध्ये पाडलं, तेव्हा भिंतींवर आदळणाऱ्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखं रंगवलं होतं. यात कौतुक किती आणि चेष्टा किती, मला अजून ठरवता आलेलं नाही. आपल्याकडं अहमदाबादला मोटेराचं जुनं स्टेडियम पाडून तिथंच नवीन बांधलं, एक लाख बत्तीस हजार माणसं बसतील एवढं. गावसकरांच्या दहा हजार धावा १९८७ मध्ये जुन्यात पूर्ण झाल्या, कपिलची जागतिक विक्रमाची ४३२वी विकेटही १९९४ मध्ये त्याच जुन्यात. ते सगळं पुस्तकात आहे, त्यामुळं स्टँड गेला तरी फार बिघडत नाही. आमच्या भोंग्याचा नियम कुठल्या पुस्तकात आहे?

पण न पाडलेली, नुसती बाजूला पडलेली स्टेडियमं मला जास्त अस्वस्थ करतात. सोलापूर अशा दोन स्टेडियमच्या मधोमध आहे. पश्चिमेला अडीचशे किलोमीटरवर पुण्याचं नेहरू स्टेडियम, पूर्वेला तीनशेवर हैदराबादचं लाल बहादूर स्टेडियम, म्हणजे जुनं फतेह मैदान. हैदराबादला १९५५ साली न्यूझीलंडविरुद्ध पॉली उम्रीगरांनी २२३ केले, कसोटीतलं भारताचं पहिलं द्विशतक. उम्रीगरांचं लहानपण सोलापुरात गेलेलं, म्हणून आम्ही त्यातला थोडा हिस्सा आमच्याकडं लावून घेतो. सचिनचे नाबाद १८६ आणि द्रविडबरोबरची ३३१ ची भागी, १९९९, तीही तिथलीच. आता मोठे सामने हैदराबादच्याच उप्पलच्या नव्या स्टेडियमला.

पुण्यातलं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. २९ फेब्रुवारी १९९६, वर्ल्ड कप, वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. मी पुण्यात नुकता नोकरीला लागलो होतो. गुरुवार होता, पोट दुखतंय म्हणून रजा टाकली. स्वारगेटवरून चालत गेलो, लाराला बघायला. केनियाचा डाव १६६ वर आटोपला, त्यात सर्वांत जास्त धावा अवांतर, ३७. शेजारचा म्हणाला, चला, चारपर्यंत घरी. मग लारा आला, आठ धावा केल्या, कड लागली आणि केनियाच्या त्या चष्मेवाल्या, अंगानं भरलेल्या कीपरनं, तारिक इक्बालनं, कॅच धरला. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर अण्णा. ते उभे असते तर लारा वाचला असता आणि इतिहास बदलला असता! वेस्ट इंडीज ९३ वर ऑलआउट. केनियाच्या पोरांनी मैदानाला फेरी मारली आणि आम्ही पुणेकर, सोलापूरकर, कोण कोण, घसा बसेपर्यंत ओरडलो.

ते स्टेडियम आजही सारसबागेशेजारी उभं आहे. भूकंप झाला नाही, बुलडोझर आला नाही. मालकी महापालिकेची, सामने भरवणार क्रिकेट संघटना, आणि दोघांत तिकिटांवरून वाजलं. संघटनेनं पुण्याबाहेर गहुंज्याला स्वतःचं स्टेडियम बांधलं, २०१२ पासून मोठे सामने तिकडं. मुंबईत हेच आधी होऊन गेलं होतं: तिथल्या क्रिकेट संघटनेचं ब्रेबॉर्न स्टेडियमच्या मालक क्लबाशी तिकिटांच्या वाटपावरून फाटलं आणि चालत जाता येईल एवढ्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं, १९७५ ला तिथं पहिली कसोटी. आपल्याकडं स्टेडियम म्हातारं होऊन जात नाही. लग्नात मानपानावरून सोयरे रुसावेत तसं ते पासांवरून जातं.

आता तुमच्या ‘का’कडं येतो. मला वाटतं, ओढ इमारतीची नसते. त्या पायऱ्या उन्हाळ्यात चटके द्यायच्या, प्यायच्या पाण्याची बोंब होती, लघवीला बाभळीमागं. ते मला परत नकोय. मला तिथं काम होतं, हे मात्र परत हवंय. माझ्या ताईला त्या मैदानाबद्दल विचारलं तर ती म्हणते, “कुठलं रे?” ती तिथं एकदाच आली होती, माझा डबा द्यायला. पायऱ्यांवरची पन्नास डोकी तिच्याकडं वळली, तशी डबा खाली ठेवून पळाली. तिला त्या जागेनं काही दिलं नाही, मग तिनं कशाला हळहळायचं? मी पुण्यात एकदाच मॅच बघितली, पण त्या दिवशी ओरडायचं काम माझं होतं. म्हणून स्वारगेटवरून जाताना मान आपोआप तिकडं वळते.

अण्णांचं बघा. गिरणी बंद पडल्यावर ते पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर लागले, निम्म्या पगारावर. गिरणीसाठी ते कधी हळहळले नाहीत. देणी थकली, मोर्चे झाले, त्यावरही गप्प. पण मैदानात पहिला प्लॉट पडला त्या दिवशी जेवताना भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणाले, “आता ते पिच कुणी पाणी मारून ठेवणार नाही.” आई म्हणाली, जेवा आधी. गिरणीत ते साचेखात्यातल्या शेकड्यांपैकी एक होते. मैदानात त्यांचं बोट वर गेल्याशिवाय मॅनेजरसुद्धा आउट नव्हता.

२०२४ च्या जानेवारीत आमच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे सोलापूरकरांच्या भाषेत पार्कवर, बऱ्याच वर्षांनी रणजी आली. महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. पार्कचं रूप पालटलेलं, गवत हिरवंगार. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली. अण्णांना रिक्षातून घेऊन गेलो. कानाचं मशीन त्यांनी नेहमीप्रमाणं घरी टेबलावर ठेवलं होतं, “मॅच बघायचीय, ऐकायची थोडीच.” मी सावली बघून जागा धरली, शेंगा घेतल्या. मिडविकेटवालाही आला होता. मी सवयीनं स्कोअरबोर्डाकडं बघत होतो. आठ दिसले की मनात दोन शून्यं.

जेवणानंतर कधीतरी बॉल बॅटजवळून कीपरकडं गेला आणि सगळे खेळाडू हात वर करून ओरडले. अंपायरनं क्षणभर वाट बघितली आणि बोट वर केलं. आमच्या आजूबाजूला टाळ्या सुरू झाल्या. अण्णांनी शेंगांची टरफलं झटकली, डावीउजवीकडं मान हलवली आणि म्हणाले, “काही ऐकू आलं नाही. नॉट आउट.”