शेतराखणीसाठी .३१५ घ्यावी, .३०-०६ घ्यावी की जुनी .२७५?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की, हिंगणघाटकडे तुमचे वावर आहे, घरात वडिलांच्या वेळची १२ बोअरची दुनळी आहे, परवान्यावर दुसऱ्या शस्त्राची नोंद मंजूर झाली आहे आणि रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांच्यासाठी मध्यम काडतुसाची एक रायफल घ्यायची आहे. तर ती सरकारी कारखान्याची नवी .३१५ (हे आकडे म्हणजे साधारणपणे नळीचा इंचांतला व्यास, म्हणजेच बोअर) असावी, .३०-०६ असावी, की एका ओळखीच्या गृहस्थांकडे पडून असलेली जुनी .२७५ असावी. माझे उत्तर .३१५ असे आहे. मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आर्वीच्या बाजूला शेती करतो आणि स्वतः हीच रायफल बाळगतो, त्यामुळे माझे मत तिच्याकडे थोडे झुकलेले असेल, हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

रायफलीकडे वळण्यापूर्वी कायद्याचे दोन शब्द आवश्यक आहेत, कारण शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी असा समज आपल्या भागात फार पसरलेला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला मनाई केली आहे आणि उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबत जी सवलत आहे ती कलम ११ खाली, वनखात्याच्या लेखी आदेशानेच मिळते. असा आदेश हातात नसताना तुमच्याच वावरात, तुमच्याच तुरीत शिरलेले डुक्कर मारले तरी तो गुन्हा ठरतो. आदेशानुसार मारलेले जनावरही कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता असते, म्हणून त्याच्या मांसाचा विचार मनात आणू नये. दुसरी गोष्ट अशी की, शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, एवढाच उल्लेख आहे. रायफल त्यात बसत नाही. तुमच्या मंजुरीपत्रात कोणते कारण आणि कोणता बोअर लिहिला आहे, ते दुकानात जाण्याआधी नीट वाचून घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, म्हणजे दुनळी आणि ही रायफल मिळून तुमचा कोटा संपतो. निवड चुकली तर तिसऱ्या शस्त्राला जागा नाही.

आता काडतूस. मूळचे ८ मिलिमीटरचे ऑस्ट्रियन मॅनलिकर काडतूस .३१५ या नावाने हिंदुस्थानात रुजले, कारण इंग्रज सरकारला आपल्या फौजेचे .३०३ काडतूस लोकांच्या हाती जाऊ द्यायचे नव्हते. तेच तत्त्व आजच्या शस्त्र नियमांतही टिकून आहे: .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस ज्या रायफलीत चालू शकते, ती प्रतिबंधित वर्गात मोडते. परदेशी चित्रफिती पाहून .३०८ विंचेस्टरची चौकशी करणाऱ्या मंडळींना दुकानदार नकार देतात, त्याचे कारण हेच आहे.

.३१५ ची गोळी सुमारे २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची, जड आणि बोथट नाकाची असते. तिचा वेग सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास राहतो. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी आठशे मीटरच्या वर जाते. कागदावर दुसरी सरळसरळ वरचढ आहे: शंभर मीटरवर नेम जुळवलेला असल्यास दोनशे मीटरवर .३१५ ची गोळी फूटभर खाली पडते आणि .३०-०६ ची चार-पाच इंचच. परंतु हा फरक ज्या अंतरावर कामाला येतो, त्या अंतरावर आपल्याकडे गोळी झाडण्याची वेळच येत नाही आणि येऊही देऊ नये. तूर डोक्याएवढी वाढलेली असताना पन्नास-साठ मीटरपलीकडचे जनावर धड दिसत नाही, आणि तेवढ्या अंतरावर दोनशे किलोच्या वर भरणाऱ्या नर रोहीसाठीही .३१५ ची जड गोळी पुरेशी ठरते. .३०-०६ ला धक्का अधिक, दुर्बीण लावल्याशिवाय तिचा खरा उपयोग नाही, आणि तिची काडतुसे तालुक्याच्या ठिकाणी मिळतीलच असे नाही; .३१५ ची काडतुसे मात्र आपल्याच खडकीच्या कारखान्यात तयार होतात आणि बहुतेक दुकानदारांकडे असतात. काडतूस मिळत नसेल तर माणूस सराव करत नाही, आणि सराव नसलेल्या हातातली उत्तम रायफल मला दुनळीपेक्षा धोकादायक वाटते.

.२७५ चा मोह मला कळतो. ती म्हणजे रिग्बी कंपनीच्या नावाने प्रसिद्ध झालेली ७ मिलिमीटरची माउझरच. प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट यांच्या हाती हीच असे, धक्का सौम्य आणि नेम सुरेख. तथापि व्यक्तींना परदेशी शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने, बाजारात फिरणारी अशी रायफल किमान चाळीस वर्षांची असते आणि तिची काडतुसे दुर्मीळ व महाग असतात. संग्रह म्हणून घ्यायची असेल तर घ्यावी, जागलीसाठी (रात्रीच्या शेतराखणीसाठी) नको.

इशापूरच्या (पश्चिम बंगालमधल्या सरकारी रायफल कारखान्याची) .३१५ विकत घेताना सगळे नग सारखेच असतात असे समजू नये. दुकानात असतील तेवढे काढून दाखवण्याचा आग्रह धरावा. बोल्टवरचा क्रमांक आणि बॉडीवरचा क्रमांक एकच आहे का, नळीच्या तोंडाची कड कुठे टवका उडाल्याशिवाय गोल आहे का, समोरची माशी (नेम धरण्याची खूण) सरळ बसली आहे का आणि दस्त्याचे लाकूड नळीला एका बाजूने दाबत नाही ना, हे पाहावे. खांद्याला लावून डोळे मिटावेत आणि उघडावेत. माशी आपोआप मागच्या नेमाच्या खाचेत दिसली तर दस्त्याची लांबी तुम्हाला जुळते. घोडा दोन टप्प्यांत ओढला जातो, तो या रायफलीचा स्वभाव आहे, दोष नव्हे. काडतुसाला मागे कड असल्यामुळे मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहील, असे भरावे. उलटे भरल्यास ऐन वेळी बोल्ट अडकतो.

तुमच्याकडील जमीन सपाट आहे, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रायफलीची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि हंगामात धुऱ्या-धुऱ्यावर कुणी ना कुणी जागलीला असतो. म्हणून उंच मचाणावरूनच, गोळी मातीत जाईल अशा कोनातच झाडावी आणि आदेश मिळाला तरी शेजारच्या वावरातील लोकांना आधी कळवावे. नुसते हुसकावण्यासाठी दुनळीच वापरावी. माझ्याकडे तरी वर्षातील बहुतेक रात्री तिनेच भागते आणि रायफल कुलपात राहते.