घरच्या सॉकेटवर गाडीचे चार्जिंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

विजेवर चालणारी मोटार दारात उभी राहिली की पहिल्या पंधरवड्यात पडणारे प्रश्न घरोघरी सारखेच असतात, आणि शेजारी, विक्रेता किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणारा संदेश त्यांना जी उत्तरे देतो, ती बहुतेक वेळा सारखीच चुकीची असतात. गाडीबरोबर मिळणारा चार्जर भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला लावून संथ चार्जिंग करणे हा चांगला आणि सोयीचा मार्ग आहे. मात्र त्यामागची वायरिंग धड असली पाहिजे. त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत.

प्रश्न (ठाणे) : स्नानगृहाबाहेर गीझरसाठी १६ अँपिअरचा पॉइंट आहे. तो दहा वर्षे विनातक्रार चालला आहे. त्यावर गाडी का लावू नये?

उत्तर : गीझर आणि गाडी यांची तुलनाच होऊ शकत नाही. दोन किलोवॉटचा गीझर ९ अँपिअरच्या आत प्रवाह घेतो आणि पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापले की आपोआप बंद होतो, त्यामुळे तारेला आणि जोडांना थंड व्हायला अवधी मिळतो. गाडीचा चार्जर १३ ते १५ अँपिअर प्रवाह सलग सात-आठ तास घेतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ९ ऐवजी १५ अँपिअर वाहू लागले की त्याच जोडात जवळजवळ पावणेतीन पट उष्णता निर्माण होते, आणि तीही रात्री, सगळे झोपलेले असताना. गाडीसाठी वितरण पेटीतून थेट स्वतंत्र तार ओढून घ्यावी. ती तांब्याची आणि शक्यतो ४ चौरस मिलिमीटरची असावी, तिला स्वतःचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की ती तोडणारा स्विच) असावा, आणि त्या तारेवर दुसरा एकही पॉइंट असू नये. दुकानात स्वस्त मिळतो तो ‘एसी’ प्रकारचा आरसीसीबी गाडीसाठी पुरेसा नसतो. निदान ‘ए’ प्रकारचा घ्यावा आणि गाडीच्या पुस्तिकेत काय मागितले आहे ते पाहावे. अंतर जास्त असेल तर तार आणखी जाड लागेल, म्हणून जागा न पाहता कोणी फोनवरून आकडा सांगितला तर तो मानू नये. घर जुने असून भिंतीत अॅल्युमिनियमची तार असेल, तर ती बदलेपर्यंत गाडी लावूच नये.

प्रश्न (डोंबिवली) : पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला तर चालेल का?

उत्तर : नाही. एका रात्रीपुरताही नाही.

प्रश्न (नाशिक) : गाडी पूर्ण चार्ज व्हायला किती वेळ लागेल आणि बिल किती वाढेल? शोरूममध्ये ‘रुपयाला एक किलोमीटर’ असे सांगितले होते.

उत्तर : हिशेब स्वतः करावा, तो अवघड नाही. बॅटरी ३० युनिटची असेल आणि ती २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची असेल, तर बॅटरीत १८ युनिट जातात; चार्जिंगमधली १० ते १५ टक्के घट धरली तर मीटरवर २० ते २१ युनिट पडतात. सॉकेटवरून सुमारे ३ किलोवॉट मिळतात, म्हणजे सात तास. बिलाच्या बाबतीत मात्र विक्रेते एक चलाखी करतात, ती ओळखावी : ते सर्वांत खालच्या टप्प्याचा दर धरतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि गाडीचे युनिट घरच्या वापरावर चढत असल्यामुळे ते नेहमी वरच्या, महाग टप्प्यात पडतात. आपल्या नेहमीच्या बिलात महिन्याचे गाडीचे युनिट मिळवून पाहावे, म्हणजे खरा आकडा कळेल. स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज करण्यास घरगुती दरच लागू होतो, त्यामुळे दंड होईल ही अफवा मनातून काढून टाकावी. बिलावर छापलेला मंजूर भार मात्र पाहावा. तो दोन-तीन किलोवॉटच असेल, तर वाढीव भारासाठी आधी अर्ज करावा आणि मगच गाडी लावावी.

प्रश्न (सोलापूर) : वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर चार्जिंग होईल का?

उत्तर : होणार नाही. तसा प्रयत्नही करू नये.

प्रश्न (लातूर) : एप्रिलपासून चार्जरवर लाल दिवा लागून ‘अर्थ फॉल्ट’ येत होता. वायरमनने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका लहान तारेने जोडले, तेव्हापासून गाडी व्यवस्थित चार्ज होते. यासाठी तयार प्लगही ऑनलाइन मिळतो असे तो म्हणाला. हे योग्य आहे का?

उत्तर : हे वाचून होताच मेन स्विच बंद करून तो तुकडा जाणकाराकडून काढून घ्यावा, आणि तोपर्यंत गाडी त्या सॉकेटला लावू नये.

ही दोन बोटे लांबीची तार मी अनेक पार्किंगमध्ये पाहिली आहे. सॉकेटचे झाकण उघडले की वरच्या मोठ्या छिद्रामागच्या अर्थच्या स्क्रूपासून ती निघते आणि वळून न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेच्या स्क्रूला जाते. अर्थची हिरवी तार एक तर डब्यात मोकळी लोंबत असते किंवा नसतेच. चार्जर दिवा लावून सांगत असतो की गाडीचा पत्रा जमिनीशी जोडलेला नाही. या तारेमुळे चार्जर फसतो. पत्रा जमिनीशी जोडला जात नाही.

आता वादळी पावसात खांबावरचा न्यूट्रल सुटला असे धरा. असे आपल्याकडे दर पावसाळ्यात घडते. घरात फ्रिज किंवा दिवा चालू असेल, तर फेजचा, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेचा दाब त्या उपकरणातून न्यूट्रलच्या तारेत येतो. परतीची वाट तुटलेली असल्यामुळे ती सबंध तार २३० व्होल्टपर्यंत चढते, आणि त्या लहान तुकड्यातून तोच दाब गाडीच्या पत्र्यावर येतो. गाडी रबरी टायरवर उभी असल्यामुळे प्रवाह वाहत नाही, एमसीबी पडत नाही, बाहेरून काहीच दिसत नाही. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कोणीतरी दाराची मूठ धरतो. ‘सहा महिने काही झाले नाही’ हे उत्तर मला दर वेळी ऐकावे लागते. सहा महिने न्यूट्रल सुटला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. असे प्लग विकणाऱ्यांविषयी माझ्या मनात जराही सहानुभूती नाही, आणि ते लावून देणारा वायरमन कितीही ओळखीचा असला तरी त्याला पुन्हा बोलावू नये.

योग्य मार्ग असा. प्रथम सॉकेटपासून वितरण पेटीपर्यंत आणि तेथून अर्थच्या खड्ड्यापर्यंत हिरवी तार सलग आहे का ते तपासून घ्यावे. पुष्कळदा दोष येथेच सापडतो. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले तरी काही चार्जर दिवा लावतात, तेही पाहून घ्यावे. त्यानंतर खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजावा. बल्ब लावून पाहणे ही मोजणी नव्हे. तुमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल खाली जाते आणि रोध वाढतो, म्हणून तक्रार एप्रिलमध्येच सुरू झाली असण्याचा संभव आहे. पाणी घालून ती तात्पुरती थांबेल, पण खड्डा जुना असेल तर नवा करावा लागेल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अर्थचा रोध २० ओहम असेल, तर फेज पत्र्याला लागल्यावर जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतात, आणि २० अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही. तेथे आरसीसीबीच जीव वाचवतो. तो सारखा पडतो म्हणून काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. तो का पडतो हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून शोधून घ्यावे आणि मोजलेले आकडे लेखी मागावेत.

प्रश्न (पुणे) : सोसायटी परवानगी देत नाही. अकरा महिन्यांपासून ‘पुढच्या सभेत पाहू’ असेच उत्तर मिळते.

उत्तर : केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मालकाला आपल्या घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. तोंडी विनंत्या थांबवून लेखी अर्ज द्यावा आणि सोबत ठेकेदाराने काढलेला तारेचा मार्ग, तारेचे माप आणि संरक्षक उपकरणांची यादी जोडावी. वीज आपल्याच मीटरवरून घ्यावी, सामाइक मीटरवरून नव्हे. कार्यकारिणीच्या सदस्यांनीही हे समजून घ्यावे की त्यांच्या टाळाटाळीमुळे चार्जिंग थांबत नाही. ते खिडकीतून सोडलेल्या तारांवर सुरू होते, आणि आगीचा खरा धोका तेथे असतो. त्यानंतरही नकार आला, तर पुढच्या पायरीसाठी वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न (म्हापसा) : पावसात चार्जिंग करावे का?

उत्तर : गाडीला लागणारी गन (चार्जरच्या तारेचे गाडीत बसणारे टोक) पावसासाठी बनवलेली असते, भिंतीतले सॉकेट नसते. सॉकेट आणि चार्जरची पेटी छपराखाली आणि पाणी साचते त्या पातळीच्या बरीच वर असावी. तशी नसेल, तर जागा बदलून घेईपर्यंत पावसात लावू नये.

प्रश्न (रत्नागिरी) : चार्जरचा प्लग हाताला गरम लागतो आणि एक पिन तपकिरी झाली आहे. पण चार्जिंग नीट होते. दिवाळीनंतर बदलले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. पिन आणि सॉकेटची पकड सैल होऊन तेथे केवळ ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तरी १५ अँपिअरला तेवढ्या जागेत २२ वॉटहून अधिक उष्णता तयार होते. म्हणजे सोल्डरिंगची लहान इस्त्री रात्रभर प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्यासारखेच. तापल्याने पकड आणखी सैल होते आणि ती आणखी तापते. कानशीने पिन घासू नये. सॉकेट आयएसआय चिन्हाचे नवे बसवावे, मागची तार जळली असेल तेवढी कापून स्क्रू घट्ट आवळून घ्यावेत, आणि प्लग कंपनीच्या अधिकृत केंद्रात दाखवावा. जुना प्लग नव्या सॉकेटलाही काही आठवड्यांत बिघडवतो. दुरुस्तीनंतर पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लगला बाहेरून हात लावून पाहावा : कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच चार्जिंग थांबवावे. आज रात्री मात्र गाडी त्या सॉकेटला लावू नये. उद्या कामावर एसटीने जावे.