बिद्दू हे संगीतकार होते की नुसते रेकॉर्ड निर्माते?

‘कुर्बानी’ या १९८० च्या हिंदी चित्रपटातल्या ‘आप जैसा कोई’ या डिस्को गाण्याची चाल इतकी साधी असताना ते करणाऱ्या बिद्दूंचे एवढे कौतुक कशासाठी, असे आपण विचारले आहे. चाल साधी आहेच. पण डिस्कोमध्ये नुसत्या चालीवरून गाण्याची किंमत करणे हा अडाणीपणा आहे.

‘चाल साधी म्हणजे गाणे साधे’ हे आपलेच मत आमच्या वाद्यवृंदाच्या मालकांचेही होते. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत मी कीबोर्ड वाजवीत असे आणि हे गाणे निघाले की ‘ठेका भरत नाही’ म्हणून ते हमखास ढोलक घुसवीत. या गाण्यात बेस ड्रमचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाने पडतो, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत हाय-हॅट (पायाने उघडझाक होणारी झांजांची जोडी) उघडते आणि बेस गिटार त्या चौकटीत फिरते. ढोलकाने वजन हलवले की गाणे लंगडू लागते. त्यावर निवेदक ‘संगीत कल्याणजी-आनंदजी’ असे ठोकून देई. ‘कुर्बानी’ची बाकी गाणी त्यांची असली, तरी हे एक गाणे बिद्दूंचे आहे, हे मी कॅसेटवरचे नाव दाखवून सांगितले, तेव्हा मालक म्हणाले, “पाहुण्याने एक भाजी केली म्हणून स्वयंपाकघर त्याचे होत नाही.”

हा पाहुणा मूळचा बंगळुरूचा. इंग्लंडला जाऊन त्यांनी गायक कार्ल डग्लसच्या ‘कुंग फू फायटिंग’ची निर्मिती केली, म्हणजे त्याचे ध्वनिमुद्रण घडवले, आणि १९७४ मध्ये ते गाणे ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. शब्द-चाल डग्लसची; तबकडीच्या मागल्या बाजूसाठी म्हणून ते ध्वनिमुद्रणाची वेळ संपता संपता उरकलेले होते. १९७६ मध्ये त्यांनीच निर्मिती केलेले, गायिका टीना चार्ल्सचे ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. तेही दुसऱ्यांनी लिहिलेले. म्हणजे दुसऱ्याचे गाणे असे उभे करणारा निर्माता ‘नुसता’ नसतो. ‘आप जैसा कोई’साठीही १९८० मध्ये पंधरा वर्षांच्या नाझिया हसनचा कोवळा आवाज लंडनमध्ये ध्वनिमुद्रित करून त्यांनी वाद्यांच्या गर्दीत कुठेही दबू दिला नाही. पुढच्याच वर्षी दोघांचा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आला आणि चित्रपटाच्या आधाराशिवायही तुफान खपला.

त्यांचे सगळेच काम या तोलाचे नाही, आणि अलिशा चिनॉयने गायलेल्या त्यांच्या १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’ला डिस्को म्हणणे मला पटत नाही. कल्याणजी-आनंदजींच्या थोरवीबद्दलही माझी तक्रार नाही. मात्र आपल्या ओळखीचा कोणताही वाद्यवृंद हे गाणे वाजवणार असेल, तर ढोलकवाल्याला तेवढ्यापुरते चहाला पाठवावे आणि निवेदकाच्या हाती ‘संगीत : बिद्दू’ अशी चिठ्ठी आधीच द्यावी.