दगड न वितळता वाकतो, हे लॅबमध्ये मोजतात कसं?
अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा बेसाल्ट बघून तुम्ही विचारलंय की असला दगड न वितळता वाकेल कसा, तर वाकतो, फक्त तापमान हवं. ऑलिव्हिन म्हणजे बेसाल्टमध्येही सापडणारं आणि पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरात, प्रावरणात, सगळ्यात जास्त असणारं हिरवट खनिज; त्याचा बोटाच्या पेराएवढा दंडगोल धातूच्या पातळ नळीत घालतात, भोवती आर्गॉन गॅसचा वातावरणाच्या साधारण 3000 पट दाब म्हणजे तो तडकत नाही, भट्टी 1200-1300 अंशांवर, आणि मग पिस्टनने दाबत किती जोराला किती वेगाने आखूड होतो ते मोजत बसायचं. खरी मजा म्हणजे जोर दुप्पट केला की वेग दुप्पट नाही, जवळपास दहापट वाढतो, कारण स्फटिकाच्या रचनेतले दोष सरकायला लागतात! किंचित पाणी मुरलं तरी ऑलिव्हिन बरंच मऊ पडतं. पृथ्वीच्या प्रावरणात मात्र हेच सगळं अब्जावधी पट हळू चालतं, म्हणून लॅबचे आकडे तिथपर्यंत ताणताना मी तरी जपूनच विश्वास ठेवतो.